नऊ सकाळींची रेघ

१

“मावशी, आई घरात नाहीये. नऊ दिवस झाले असावेत. आणि या नऊही दिवशी तिच्या घरात सकाळी भात शिजलाय!”

फुसाए नाकागोमे पडवीत बसून काकी नावाची तुरट जपानी फळं सोलत होती. सोललेली फळं दोऱ्यात ओवून वळचणीला टांगायची, महिन्याभरात उन्हानं गोड होतात. सुरी तशीच हातात धरून तिनं वर पाहिलं. दारात चिहारु उभी होती, शिगेनोबाई कोशिमिझुंची लेक. वय बावन्न, राहायला योकोहामात, एकटी. काल संध्याकाळच्या गाडीनं आलेली दिसत होती. डोळे सुजलेले आणि कपडे चुरगळलेले.

“घरात कोणी नाही म्हणतेस आणि भात शिजला म्हणतेस. आधी बस बघू इथं. चहा टाकू?”

“चहा नको. माझ्याबरोबर चला ना. सगळे म्हणतात, विजेचं काही असलं तर फुसाएबाईंनाच विचार.”

म्हणणारच. एकतीस वर्षं फुसाएनं हिनाता गावातल्या घराघरांचे मीटर वाचले होते. मागच्या अंगणानं जायचं, काचेआडची फिरती चकती बघायची, आकडा लिहायचा. चकती रेंगाळली की घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं, सुसाट सुटली की नातवंडं आलेली. कोणाच्या घरात काय चाललंय ते तिला चकतीवरून कळायचं, आणि जे कळायचं ते ती पोटात ठेवायची. मग आले स्मार्ट मीटर. दर अर्ध्या तासाचा आकडा आपोआप कंपनीकडे जायला लागला, आणि फुसाएला फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवण्यात आलं. त्या नव्या मीटरना ती अजूनही ‘मेले मुके’ म्हणते.

“चल,” एप्रनला हात पुसत ती उठली.

बाहेर नोव्हेंबरचं मऊ ऊन पडलं होतं. खाली दरीत धुकं भरून राहिलेलं, त्यामुळे गाव हवेत तरंगल्यासारखं वाटत होतं. छपराछपरांवरची निळी पॅनेलं ऊन पीत पडली होती. कुठं कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. अशा सकाळी काही वाईट घडू शकतं हे मनाला पटतच नाही, आणि म्हणूनच फुसाएनं पावलं भरभर उचलली.

कोशिमिझुंच्या अंगणातलं काकीचं झाड फळांनी लालभडक लगडलेलं होतं. एकही फळ तोडलेलं नव्हतं. शिगेनोबाई दरवर्षी नोव्हेंबर लागला की पहिल्या दोन दिवसांत झाड रिकामं करायच्या.

२

स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर, त्यावर एकोणतीस ऑक्टोबर. आज सात नोव्हेंबर. नऊ दिवसांचा हिशोब चिहारुनं त्यावरूनच केला होता.

“आईचा मोबाइल इथंच, टेबलावर. कोट नाही, छोटी पिशवी नाही. आणि हा स्टँड बघा, रिकामा. त्यावर आईचा टॅबलेट असायचा. तो चोरीला गेलाय.”

“चोर आला, टॅबलेट नेला आणि नऊ दिवस भात रांधत बसला? बरा चोर आहे गं.”

चिहारु हसली नाही. तिनं आपला फोन पुढं केला. बाबा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी तिनंच आग्रह करून या घराचं सगळं नवं करून घेतलं होतं. छपरावर पॅनेलं, भिंतीत नवा बोर्ड, मागं पाणी तापवायची नवी टाकी. शिवाय फोनवर घराची रेघ दिसायची सोय. बाहेरून जितकी वीज घ्याल तितकी रेघ वर चढते.

“आईशी माझा करार होता. पहाटे तिनं भात लावला की रेघ उडी मारते. उडी दिसली म्हणजे आई उठली. एक दिवस जरी उडी चुकली, तरी मी तिला इथून उचलून वृद्धाश्रमात नेणार होते.” तिचा आवाज चिरकला. “असं मी म्हणाले होते तिला. रागाच्या भरात.”

“आणि कळलं कसं ती नाही ते?”

“काल पॅनेलं तपासायला हागिहारा वायरमन आला. दार बंद, हाका मारून दमला, न विचारता चावी कशी लावायची म्हणून त्यानं मला फोन केला. मी म्हटलं, अहो, सकाळी उडी आहे की! माझ्या डोळ्यांनी बघितलीय.”

फुसाएनं फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक सकाळ बोटानं मागं सरकवली. ऑक्टोबरमध्ये उघडीप असेल त्या दिवशी उडी साडेपाचच्या अर्ध्या तासात होती, आणि पाऊस असेल त्या दिवशी सरळ एक तास उशिरा. बरोबर होतं. पावसात शेतावर जायचं नाही, तर लवकर उठून करायचं काय, असं शिगेनोबाई नेहमी म्हणायच्या. मात्र एकोणतीस तारखेपासूनच्या नऊही उड्या साडेपाचच्याच होत्या. त्यात एक तारखेला आणि चार तारखेला धो धो पाऊस होता.

“हे तुझ्या लक्षात नाही आलं?”

“मी फक्त उडी आहे की नाही तेवढंच बघायचे,” चिहारु खाली मान घालून म्हणाली.

फुसाए कुकरजवळ गेली. भांडं घासून पालथं घातलेलं होतं. प्लग काढून ठेवलेला, वायरची नीट तीन पदरी घडी घातलेली. मायक्रोवेव्हचाही प्लग काढलेला, किटलीचाही.

“तुझी आई प्लग काढून ठेवते?”

“छे! जन्मात नाही. बाबा त्यावरून ओरडायचे.”

मग फुसाए आतल्या खोलीत, पितरांच्या देवघरापुढं गुडघे टेकून बसली. शिगेनोबाईंच्या यजमानांचा फोटो तिरपं हसत होता. त्यांच्यापुढच्या पितळी वाटीत भाताचा नैवेद्य होता. फुसाएनं बोटानं दाबून पाहिलं. वरून सुकलेला, आतून अजून मऊ.

तो भात काल सकाळचाच होता.

३

हागिहारा वायरमनला अंगणातच गाठलं. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, कमरेला हत्यारांचा पट्टा. तो घाबरलेला होता, कारण घराची एक चावी त्याच्याकडं असायची हे गावाला माहीत होतं.

“फुसाएबाई, आईशप्पथ सांगतो, मी नाही! पण करायचं झालं तर सोपं आहे हो. कुकरला टायमर लावला की झालं. माणसाची गरजच नाही.”

“टायमर बटण दाबेल. तांदूळ कोण धुईल?”

“हां... ते आहे.”

“आणि वाटीत भात घेऊन पितरांपुढं कोण जाऊन बसेल? तुझा टायमर?”

हागिहाराच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. “म्हणजे घरात रोज माणूस येत होता! आणि मी काल दारात उभा राहून हाका मारत होतो. बापरे!”

दुसरा संशयित कात्सुमी. शिगेनोबाईंचा पुतण्या, पन्नाशीचा, खालच्या वळणावर राहणारा. काकूच्या उतारावरच्या शेतात पॅनेलं उभी करायची आणि भाडं खायचं, हा त्याचा तीन वर्षांचा ध्यास. काकूनं साफ नकार दिला होता. ‘या बाईचं काही खरं नाही,’ असं तो गेल्या महिन्यात भर बैठकीत बोलला होता, आणि आज ते वाक्य सगळ्या गावाला आठवत होतं.

“माझ्याकडं काय बघताय?” तो फाटकापाशीच उसळला. “शेत मागितलं, जीव नाही मागितला! काकांच्या श्राद्धाला भांडण झालं त्या दिवसापासून मी त्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. देवघरातसुद्धा गेलो नाही.” मग म्हणाला, “काकांना एक उदबत्तीसुद्धा लावली नाही मी. काकू खरंच कुठं गेली हो?”

परतताना चिहारु म्हणाली, “खोटं बोलतोय तो.”

“नाही गं. ज्याला दोन वर्षं उदबत्ती लावायची लाज वाटली, तो चोरून नैवेद्य कशाला दाखवेल? आपण शोधतोय तो माणूस या घरात चोरासारखा येतो, पण देवापुढं घरच्यासारखा बसतो. पावसाला जुमानत नाही, घड्याळ पाळतो. आणि जाताना सगळे प्लग काढतो.”

चिहारु चालता चालता थांबली. “म्हणजे कोण?”

फुसाए कोशिमिझुंच्या शेजारच्या कुंपणाकडे बघत उभी राहिली. पलीकडे धूर दिसत होता, आणि त्या धुरातून एक म्हातारा आवाज खणखणीत येत होता:

“शेगडी, विझली! झाकण, लागलं! ठीक!”

४

तोकुजी अमेमिया, वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेली, त्यातली शेवटची बारा हिनाताच्या स्टेशनवर. सिग्नलकडं बोट दाखवून मोठ्यानं बोलायचं आणि मगच गाडी सोडायची, ही तिथली शिस्त. नोकरी सुटली, पण बोट काही सुटलं नाही. ते दूध उतू जाताना दुधाला बोट दाखवतात असं गावातली पोरं म्हणतात.

“तोकुजीकाका, तुमच्या कोंबड्या बऱ्याच जाड झाल्यात,” फुसाए कुंपणावर कोपर टेकून म्हणाली.

“थंडी आली ना. खातात.”

“भात खातात?”

म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“एकट्या माणसाच्या घरचा इतका भात नाही उरत, काका. शेजारच्या घरचा मात्र रोज उरत असणार, कारण तिथं खायला कोणी नाही. चावी पाण्याच्या टाकीमागं असते, हे मीटर वाचणारीला ठाऊक, तसं शेजाऱ्यालाही. सव्वापाचला तुम्ही आत जाता, तांदूळ धुता, साडेपाचला बटण दाबता. पाऊस असो नाहीतर बर्फ. शिजल्यावर वाटी भरून कोशिमिझुंच्या फोटोपुढं ठेवता, भांडं घासता, प्लग काढता आणि त्याला बोट दाखवता. खरं की नाही?”

वळचणीला टांगलेल्या काकींच्या माळा वाऱ्यानं हळूच हलत होत्या, त्यांच्या सावल्या तोकुजींच्या चेहऱ्यावरून फिरत होत्या.

“नैवेद्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं,” ते अखेर म्हणाले. “पण भात लावला आणि मित्राला दाखवला नाही, हे बरं दिसेना.”

चिहारु पुढं झाली. “काका, आई कुठंय?”

“माहीत नाही, पोरी.”

“खोटं!”

“एकोणतीस तारखेला पहाटे ती आली. म्हणाली, दहा दिवस भात लावाल का? उडी चुकली तर पोरगी धावत येईल, आणि मला तेच नकोय. सात बावन्नच्या टोकियोकडं जाणाऱ्या गाडीला मीच सोडायला गेलो. हसत होती. पण चेहरा बरा नव्हता.”

“आणि तुम्ही विचारलं नाहीत, कुठं जातेयस म्हणून?”

“प्रवाशानं आपणहून सांगितलं नाही तर आम्ही विचारत नाही,” म्हातारा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. “काल तू आलीस तेव्हापासून झोप नाही मला. सांगावं तर शब्द मोडतो, न सांगावं तर... फुसाएबाई, ती ठीक असेल ना?”

फुसाएला त्याचा राग यायला हवा होता. तिला नुसती त्याची दया आली.

“दहा दिवस. म्हणजे कुठंतरी जाऊन काहीतरी बघून यायचं होतं तिला,” ती पुटपुटली. “आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही, की ते पोरीला कळू द्यायचं नव्हतं. चिहारु, कॅलेंडरची फाडलेली पानं तुझी आई टाकून देते का गं?”

“आई? ती चिंधीसुद्धा टाकत नाही!”

५

पानं देवघराच्या खणात सापडली. चिमट्यात अडकवलेली, तारखेनं लावलेली. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं काढलेली एक रेघ, चढउतारांची. रोज एक.

“आपल्याच घराची रेघ काढत बसायची,” चिहारु म्हणाली. “टॅबलेटवर बघून. म्हातारपणी लहान मुलासारखं...” तिनं डोळे पुसले.

फुसाए पानं घेऊन पडवीत गेली. दुपारचे दोन वाजले होते. उन्हात तिला गुंगी आल्यासारखं झालं, आणि डोळ्यांपुढं जुन्या चकत्या फिरायला लागल्या, गावभरच्या सगळ्या घरांच्या. ही कोणाची? ही कोणाच्या घरची? एकतीस वर्षं तिनं आकड्यांवरून घरं ओळखली होती. हे घर मात्र तिच्या ओळखीचं नव्हतं.

“चिहारु,” ती सावकाश म्हणाली, “ही तुझ्या आईच्या घराची रेघ नाही.”

“म्हणजे?”

“या घरावर ऊन नाही बघ. तुझ्या आईच्या छपरावर पॅनेलं आहेत. उघडीप असली की सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत तिची रेघ तळाला झोपते, कारण घर उन्हावर चालतं. या पानांवर एकाही दुपारी रेघ झोपलेली नाही. हे पॅनेल नसलेलं घर आहे. लहानसं, एका माणसाचं.” तिनं ऑगस्टची पानं बाजूला काढली. “इथं बघ, सकाळी सात, संध्याकाळी आठ, मधे शांत. कामावर जाणारं माणूस. आणि सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यापासून ही बघ. सकाळी काही नाही. दिवसभर थोडी थोडी. सगळ्यात उंच कधी? पहाटे तीनला. हे माणूस दिवसा घरात पडून असतं, रात्री जागं असतं आणि स्वयंपाक करत नाही.”

चिहारुच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“तू टॅबलेट बसवलास तेव्हा दोन्ही घरं जोडलीस ना? आईची रेघ तुझ्याकडं, आणि...”

“आणि माझी तिच्याकडं,” चिहारु कुजबुजली. “मी विसरलेच होते. मला वाटलं, ती कशाला बघेल.”

“काल, आज, दोन्ही कामाचे दिवस. तू निघून आलीस, पण ऑफिसला एक फोन केला नाहीस, रजा टाकली नाहीस. आज सकाळपासून मी त्या फोनची वाट बघतेय.”

चिहारु पडवीच्या कडेला बसली. मग सगळं बाहेर आलं. आमचा विभागच बंद झाला मावशी, सप्टेंबरमध्ये. सव्वीस वर्षं! आईला काय सांगणार? दर रविवारी फोनवर सांगायचे, कामाचा फार रेटा आहे गं. ती म्हणायची, जेवतेस ना? मी म्हणायचे, हो. ती रोज बघत होती मी जेवत नाही ते. रोज बघत होती, आणि एका शब्दानं बोलली नाही!

“कशी बोलेल? तू झाकलंस, ते तिनं उघडायचं? तुला खाली बघायला लागलं असतं. म्हणून बाई न सांगता गेली. लांबून बघायला.”

चिहारुनं आपल्या योकोहामातल्या इमारतीच्या रखवालदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“म्हातारी बाई? करडा कोट? आहेत ना!” तो म्हणाला. “समोरच्या लाँड्रीच्या बाकावर हप्ताभर तरी येऊन बसत होत्या. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. मांडीवर एक पाटी. मला वाटलं, कपडे धुवायला येतात. काल संध्याकाळी विचारायला आल्या, तीनशेचारचा दिवा आज का लागला नाही? मी म्हटलं, माफ करा, भाडेकरूंची माहिती देता येत नाही. आज सकाळी वर जाऊन दार वाजवलं त्यांनी. खूप वेळ. मग खाली आल्या, वाकून नमस्कार केला, आणि नदीच्या बाजूला गेल्या. परत नाही आल्या.”

फोन ठेवला गेला तरी चिहारु तो हातात धरूनच बसली होती.

“ती मला बघायला गेली,” ती म्हणाली, “आणि मी तिला शोधायला इकडं आले. तिला वाटत असेल, मी... मावशी, माझी रेघ कालपासून सपाट आहे. तिला काय वाटत असेल?”

६

पोलिसांना फोन झाला. ते म्हणाले, नदीकाठी माणूस पाठवतो. पण योकोहामा साडेतीन तासांवर, तिथं माणसांचा समुद्र, आणि शिगेनोबाईंजवळ फोन नाही, चिहारुचा नंबरही त्या फोनमध्येच.

“टॅबलेट आहे,” फुसाए एकदम म्हणाली. “बाई तो सोडणार नाही, पुन्हा पुन्हा बघणार. त्यात तिला दोनच घरं दिसतात. तुझं मेलेलं आहे. मग हे बोलू दे.”

“सकाळी मी किटली लावली होती. तरी...”

“ती तिला तोकुजींचीच वाटणार. सकाळी तेच असतात ना? संध्याकाळी मात्र या घरात कोणी नसतं. संध्याकाळी रेघ उठली पाहिजे, आणि अशी उठली पाहिजे की तिला कळावं, हे दुसरं कोणी नाही.”

“मग आत्ताच लावू सगळं!”

“आत्ता ऊन आहे. अर्धी वीज छपरावरूनच येईल, रेघ बुटकी राहील. जरा थांब. सूर्याला जाऊ दे.”

हिनातात पहिल्यांदाच कोणी ऊन जायची वाट बघत बसलं असेल. चार वाजता डोंगराची सावली उतारावरून खाली सरकायला लागली. एकेक छप्पर निळ्याचं राखाडी होत गेलं. खालच्या दरीतून धुकं पुन्हा वर येत होतं. चिहारु झाडाखाली उभी राहून काकीची फळं उगीच मोजत होती, चुकत होती, पुन्हा मोजत होती.

“लहानपणी या घरात तीस अँपिअर होते,” ती मधेच म्हणाली. “मी शाळेत जाताना हेअर ड्रायर लावला आणि इकडं भात असला की मेन पडायचा. सगळं अंधारगुडुप. बाबांच्या बातम्या बंद. आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची. रोज.”

“मग नव्या बोर्डाला किती?” फुसाएनं हागिहाराला विचारलं.

“साठ. आता नाही पडायचा,” तो अभिमानानं म्हणाला, मग सगळ्यांची तोंडं पाहून घाईनं म्हणाला, “म्हणजे, प्रयत्न करू शकतो.”

साडेचारला शेवटचं ऊन छपरावरून गेलं. हागिहारानं पाण्याची टाकी चालू केली, दोन्ही खोल्यांचे हीटर चालू केले. गोधडीखालची कोतात्सु शेगडी, कुकर, किटली, मायक्रोवेव्ह. तोकुजींनी आपला कुकर आणला, आणि प्रत्येक बटणाला बोट दाखवत सुटले: “किटली, चालू! शेगडी, चालू!” घर गुणगुणायला लागलं. काचांवर वाफ धरली.

एवढ्यात फाटक वाजलं. कात्सुमी. हातात फळं वाळवायचा मोठा हीटर. उंबऱ्यापाशी येऊन तो अडखळला.

“आत ये की,” चिहारु म्हणाली.

तो आत आला, हीटर लावला, आणि कोणाकडं न बघता देवघरापुढं जाऊन बसला. उदबत्तीचा वास आला.

साडेचार ते पाच. तो अर्धा तास फुसाए मागच्या भिंतीपाशी, मीटरसमोर उभी होती. फिरायला चकती नव्हती, नुसते राखाडी आकडे. “मुक्या,” ती त्याला हळूच म्हणाली, “आज तरी बोल बाबा. एकदाच बोल.”

पाच वाजले. चिहारुच्या फोनवर रेघ सरकली, आणि वर गेली ती पडद्याच्या टोकाला जाऊन भिडली. दोन वर्षांत इतकी उंच ती कधीच गेली नव्हती. सगळे टेबलावरच्या काळ्या, वायरीच्या जुन्या फोनकडं बघत राहिले. शिगेनोबाईंनी तो बदलायला साफ नकार दिला होता. पाच वाजून पाच. पाच वाजून दहा. फोन गप्प.

“तिनं टॅबलेट बघितलाच नसेल,” चिहारु म्हणाली. “चार्जिंग संपलं असेल. नाहीतर नदीपाशी...”

“गप्प बस,” फुसाए खेकसली. मग मऊ आवाजात म्हणाली, “एक गोष्ट राहिली ना गं लावायची?”

चिहारु न्हाणीघरात गेली. तिचा जुना ड्रायर अजून खिळ्यालाच लटकत होता. तिनं तो लावला. एक घरघर झाली, भिंतीतून ठक्क असा आवाज आला आणि सगळं घर एकदम अंधारलं. हीटर निवले, किटलीचं खदखदणं विरत गेलं. काळोखात फक्त उदबत्तीचा लाल ठिपका राहिला, आणि खिडकीत काकीचं झाड अंधुक दिसत होतं.

“मेन, पडला,” तोकुजी सवयीनं म्हणाले. ‘ठीक’ मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही.

आणि फोन वाजला.

तो जुना फोन वायरीवरच चालायचा, त्याला घरच्या विजेचं काही देणंघेणं नव्हतं. चिहारु अंधारात धडपडत, काहीतरी पाडत आली आणि तिनं रिसीव्हर उचलला. पलीकडे आधी नाण्यांचा आवाज, गाड्यांचा आवाज. कुठल्यातरी स्टेशनवरचा सार्वजनिक फोन. मग एक दमलेला श्वास. सगळ्यांना ऐकू येईल इतकी शांतता होती.

“चिहारु?”

चिहारुनं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

“पाच वाजताची उंच रेघ बघितली मी. घरी आहेस ना? तूच आहेस ना गं?” म्हातारा आवाज कापत होता. मग तो एकदम चढला, चाळीस वर्षांपूर्वी चढायचा तसा. “अगं मग आधी तो ड्रायर बंद कर! भात शिजतोय ना?”

“केला,” चिहारु रडत म्हणाली. ड्रायर तिच्या हातातच होता, केव्हाचा बंद पडलेला. “केला, आई. बंद केला. मी जेवले नाहीये, आई. सप्टेंबरपासून नाही जेवले.”

“माहितीये,” शिगेनोबाई म्हणाल्या. “मी येते. तू भात बघ.”

हागिहारा चाचपडत बोर्डाकडं निघाला होता. फुसाएनं अंधारातच त्याचा दंड धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “फोन ठेवेपर्यंत राहू दे.”